इनोव्हेशन इंडेक्समध्ये भारत ३८वा: हा आकडा शिजतो कसा?

नीरक्षीर

अलीकडे दर सप्टेंबरात बातमी येते की ग्लोबल इनोव्हेशन इंडेक्समध्ये, म्हणजे देशांच्या नवोन्मेषाच्या क्रमवारीत, भारत अमुक जागा वर चढला. २०१५ मध्ये ८१वा, २०२० मध्ये ४८वा, २०२२ मध्ये ४०वा, २०२५ मध्ये १३९ देशांत ३८वा. बातमीखालचे प्रतिसादही ठरलेले. अर्धे लोक पेढे वाटतात, उरलेले 'आपल्याकडे कसलं डोंबलाचं संशोधन' म्हणून मोकळे होतात. पद्धतीचं परिशिष्ट मात्र कुणी उघडत नाही. म्हणून हा धागा फक्त मोजपट्टीबद्दल. भारत भारी की भिकार, हा वाद इथे नको.

हा निर्देशांक २००७ मध्ये फ्रान्सच्या इन्सेआड या बिझनेस स्कूलने सुरू केला. नंतर अमेरिकेचं कॉर्नेल विद्यापीठ आणि जिनिव्हाची वायपो, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संघटना, त्यात आली. आता तो वायपोच्या नावाने निघतो. २०११पासून पहिला नंबर स्वित्झर्लंडने सोडलेला नाही, आणि २०२५ मध्ये चीन पहिल्यांदा पहिल्या दहांत आला.

रचना अशी. सुमारे ऐंशी निर्देशक, ते २१ उपखांबांत, उपखांब सात खांबांत. पाच खांब 'आदान' (इनपुट) बाजूला: संस्था, मनुष्यबळ व संशोधन, पायाभूत सुविधा, बाजार, उद्योग. दोन खांब 'प्रदान' (आउटपुट) बाजूला: ज्ञान-तंत्रज्ञान आणि सर्जनशीलता. आदानाच्या पाच खांबांची सरासरी, प्रदानाच्या दोन खांबांची सरासरी, आणि या दोन सरासरींची पुन्हा सरासरी. झाला गुणांक.

आता यातली मेख. दोन्ही बाजूंना निम्मं-निम्मं वजन आहे, पण एकीकडे पाच वाटेकरी आणि दुसरीकडे दोनच. म्हणजे आदानाच्या प्रत्येक खांबाला १० टक्के, प्रदानाच्या प्रत्येकाला २५ टक्के. शिक्षण-संशोधनाचा खांब १० गुणांनी सुधारला तर अंतिम गुण वाढतात १. सर्जनशीलतेचा खांब तेवढाच सुधारला तर वाढतात २.५. भारताचे गुण ३८च्या घरात असतात आणि तिथे शेजारच्या देशांमधलं अंतर दशांशात असतं, त्यामुळे कुठला खांब हलला यावर सगळी बातमी ठरते.

जाणकारांनी पुढे न्यावं. खास करून पेटंट आणि आर अँड डी (संशोधन आणि विकास) खर्चाच्या आकड्यांबद्दल.

---

सरासरीशत्रू

खांबांचं वजन बरोबर सांगितलंत. पण त्याआधीची पायरी जास्त खोडकर आहे: वेगवेगळ्या एककांतले आकडे ० ते १०० मध्ये बसवणं. सूत्र शाळकरी आहे. देशाच्या आकड्यातून सर्वात कमी आकडा वजा करा, सर्वात मोठा उणे सर्वात लहान याने भागा, १०० ने गुणा.

उदाहरण घेऊ. दर दहा लाख लोकसंख्येमागे पूर्णवेळ-सममूल्य संशोधक (अर्धवेळ काम करणारे दोन म्हणजे एक). भारताचा अधिकृत आकडा २६२. समजा यादीत तळाला १० आहे आणि माथ्याला ९,००० (हे दोन आकडे गणितासाठी घेतलेत, अहवालातले नाहीत).

साधं सूत्र: (२६२ − १०) ÷ (९,००० − १०) × १०० = २.८ गुण.

आता तेच आकडे आधी लॉगमध्ये (लॉगरिदम, मोठ्या आकड्यांमधलं अंतर आक्रसणारी मोजपट्टी) नेले तर: लॉग(२६.२) ÷ लॉग(९००) × १०० = ४८ गुण.

देश तोच, संशोधक तेवढेच, आणि गुण २.८ किंवा ४८! म्हणून लॉग कधी घ्यायचा याचा नियम आधीच ठरवून छापतात. निर्देशकाची विषमता (आकडे किती एका बाजूला झुकलेत) २.२५च्या वर आणि ककुदता (टोकाचे आकडे किती भारी आहेत) ३.५च्या वर, अशा दोन्ही अटी लागू झाल्या तर तो निर्देशक 'वाकडा' धरतात. टोकाचे देश पाचपर्यंत असतील तर त्यांचे आकडे पुढच्या देशाच्या पातळीवर आणून कापतात. त्याहून जास्त असतील तर सगळ्या स्तंभाचा लॉग. नियम चांगला आहे, कारण तो देशाकडे बघून लागत नाही. पण एखादा निर्देशक यंदा या रेषेच्या अलीकडे आणि पुढच्या वर्षी पलीकडे गेला, तर गुण उडी मारतात आणि त्या देशात प्रत्यक्ष काहीच घडलेलं नसतं.

---

मधलीसुट्टी

एक बाळबोध प्रश्न. ज्या देशाकडे एखादा आकडाच नाही त्याला शून्य देतात का? दिलं तर गरीब देशांवर अन्याय, नाही दिलं तर लपवणाऱ्यांची चांदी.

---

सरासरीशत्रू

@मधलीसुट्टी बाळबोध अजिबात नाही, लाखमोलाचा प्रश्न. शून्य देत नाहीत. तो निर्देशक त्या देशापुरता गाळतात आणि उरलेल्यांची सरासरी घेतात. याचा परिणाम असा: उपखांबात चार निर्देशक, तिघांचे गुण ४०, ५०, ३० आणि चौथा रिकामा. सरासरी ४०. चौथ्याचा खरा आकडा गोळा केला आणि त्याला ५ गुण मिळाले, तर सरासरी ३१.२५. मोजणी सुधारली म्हणून गुण उतरले. यावर उतारा म्हणून किमान अट आहे: आदान आणि प्रदान दोन्हीकडे स्वतंत्रपणे ६६ टक्के निर्देशकांचे आकडे हवेत, आणि प्रत्येक खांबात किमान दोन उपखांबांचे गुण निघाले पाहिजेत. नाहीतर देश यादीतच नाही. म्हणून तर यादीत कधी १३१ देश असतात, कधी १३९. क्रमांकाची तुलना करताना हेही धरावं लागतं.

भारताचंच उदाहरण म्हणजे युटिलिटी मॉडेल. जर्मनीत, चीनमध्ये 'छोटं पेटंट' म्हणून हा हक्क आहे. आपल्या कायद्यात तो प्रकारच नाही, त्यामुळे ती रांग आपल्यासाठी रिकामी राहते. इथे रिकामी जागा प्रामाणिक आहे. सगळीकडे तसं नसतं.

---

दावा_क्र_१

पेटंटबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

निर्देशांकात पेटंट एका जागी नसून तीन-चार जागी येतं. देशाच्या नावावरचे अर्ज, पीसीटी अर्ज (एका अर्जाने अनेक देशांत जागा राखणारे), दोन किंवा अधिक कार्यालयांत दाखल झालेली पेटंट-कुटुंबं (एकाच शोधाचे वेगवेगळ्या देशांतले अर्ज). अर्ज आणि पीसीटी यांना छेद पीपीपी जीडीपीचा (देशातली स्वस्ताई-महागाई धरून काढलेला जीडीपी). आपला पीपीपी जीडीपी अवाढव्य, म्हणून अर्ज कितीही वाढले तरी भागाकार लहानच येतो. तक्रार म्हणून हे सांगत नाही. मोठ्या अर्थव्यवस्थेकडून जास्त अपेक्षा करणं रास्तच आहे. पण '१ लाख पेटंट मंजूर' ही बातमी (२०२३-२४ मध्ये १,०३,०५७ मंजूर, ९२,१६८ दाखल) आणि त्या निर्देशकातला आपला गुण यांचा मेळ का बसत नाही, याचं उत्तर इथे आहे. शिवाय मंजुरी मोजलीच जात नाही. मोजले जातात अर्ज.

आणि अर्ज 'कुणाचा' हे कसं ठरतं? पहिल्या अर्जदाराच्या निवासावरून. संशोधक कुठे बसतो याच्याशी संबंध नाही.

हे जवळून बघा. हिंजवडीत एका अमेरिकी कंपनीचं केंद्र आहे असं धरा. चार संशोधक: तीन पुण्यात, एक कॅलिफोर्नियात. कंपनीला पहिला अर्ज अमेरिकेत करायचा आहे. भारतात राहणारे संशोधक त्यात असल्यामुळे पेटंट कायद्याच्या कलम ३९प्रमाणे आधी फॉर्म २५ भरून परवानगी घ्यावी लागते, ती साधारण २१ दिवसांत मिळते. (दुसरी वाट: आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा.) परवानगी आली, अमेरिकेत अर्ज झाला, बारा महिन्यांच्या आत त्यावरून पीसीटी झाला. अर्जदार अमेरिकी कंपनी. 'देशाच्या नावावरचे पीसीटी' या रांगेत हा पूर्ण १ अमेरिकेला.

आता त्याच अहवालात शहरांच्या पट्ट्यांची वेगळी यादी असते, ज्यात टोकियो-योकोहामा आणि शेन्झेन-हाँगकाँग-ग्वांगझू वर असतात आणि आपल्याकडचे बंगळुरू, दिल्ली, चेन्नई, मुंबई येतात. तिथे हिशेब संशोधकांच्या पत्त्यावरून होतो, तोही वाटून. म्हणजे हाच अर्ज तिथे पाऊण हिंजवडीच्या नकाशावर आणि पाव कॅलिफोर्नियाच्या. एकच शोध, एकच अहवाल, आणि दोन पानांवर दोन देश. दोन्ही पानं आपापल्या जागी बरोबर आहेत: एक विचारतं की मालकी कुणाची, दुसरं विचारतं की डोकं कुठे चाललं.

---

उंटावरचा_शहाणा

@दावा_क्र_१ हे बेस्ट समजावलंत. पण आपल्याकडचे अर्ज जे भसाभसा वाढलेत त्याचं काय? प्रत्येक इंजिनीयरिंग कॉलेजच्या बॅनरवर 'आमची ४० पेटंट्स' असतात हल्ली.

---

दावा_क्र_१

बॅनरवरचा शब्द नीट वाचा, बहुतेक वेळा 'प्रकाशित' असतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये नियम बदलले आणि शिक्षणसंस्थांना ८० टक्के सवलत मिळाली. ऑनलाइन अर्जाला इतरांना ८,००० रुपये, संस्थेला १,६०० (३० पानं आणि १० दाव्यांपर्यंत, पुढे जादा शुल्क). अर्ज एरवी १८ महिन्यांनी प्रकाशित होतो. घाई असेल तर फॉर्म ९, सवलतीत २,५०० रुपये, की महिन्याभरात प्रकाशित. एकूण ४,१०० रुपयांत 'प्रकाशित पेटंट' हातात. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी) गुणांत प्रकाशित पेटंटही धरतात, त्यामुळे कॉलेजचं काम इथेच संपलं.

खरी परीक्षा पुढे आहे. फॉर्म १८, म्हणजे तपासणीची विनंती. सवलतीत ४,००० रुपये. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना मुदत ३१ महिने, त्याआधी ४८ होती. फॉर्म १८ भरलाच नाही तर अर्ज मागे घेतल्याचं आपोआप धरलं जातं. भरला तर पहिला तपासणी अहवाल येतो, त्याला सहा महिन्यांत उत्तर, फार तर तीन महिने वाढवून. उत्तर नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. बॅनर मात्र उतरत नाही.

निर्देशांकाच्या दृष्टीने तो १,६०० रुपयांचा अर्ज आणि एखाद्या औषध कंपनीचा दहा वर्षं घासलेला रेणू, दोघंही '१'. म्हणून मी स्वतः अर्जांची रांग बघून फारसं काही ठरवत नाही. पीसीटीची बघतो. तिथे आंतरराष्ट्रीय दाखल शुल्कच १,३३० स्विस फ्रँक, शोध-शुल्क वेगळं, आणि पुढे ३०-३१ महिन्यांनी प्रत्येक देशात पुन्हा खर्च. ज्याला विकायचंच नाही तो एवढे पैसे घालत नाही. चीननेही हा धडा घेतला. अर्जांवरची सरकारी अनुदानं बंद करायचे आदेश त्यांच्या पेटंट कार्यालयाने २०२१ मध्ये काढले, कारण अनुदानासाठीच अर्ज व्हायला लागले होते.

---

फ्रास्काटी_चहा

आर अँड डी खर्चाचं बघू.

मोजायची व्याख्या १९६३ पासून एकाच घराण्यातली आहे. इटलीतल्या फ्रास्काटी गावी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या तज्ज्ञांची बैठक झाली आणि त्या नावाची नियमपुस्तिका निघाली, सातवी आवृत्ती २०१५ची. एखादं काम आर अँड डी ठरायला पाच अटी: नवं, सर्जक, निष्पत्तीबद्दल अनिश्चित, पद्धतशीर, आणि दुसऱ्याला पुन्हा करता येईल असं नोंदलेलं. पाचही हव्यात. कारखान्यातली नेहमीची गुणवत्ता-चाचणी यात बसत नाही, कारण अनिश्चितता नाही. ग्राहकाच्या मागणीप्रमाणे सॉफ्टवेअरचं एखादं नवं पान बनवणंही नाही. आपल्या आयटी कंपन्यांचा मोठा भाग इथेच गळतो, आणि तो गळायलाच हवा.

भारताचा आकडा: २०२०-२१ मध्ये सुमारे १.२७ लाख कोटी रुपये, जीडीपीच्या ०.६४ टक्के. इस्रायल ६ टक्क्यांच्या वर, दक्षिण कोरिया ५च्या आसपास. आपल्या ०.६४ मध्ये खाजगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास, बाकी मुख्यतः केंद्र सरकार. कोरिया-इस्रायलमध्ये याच्या उलट, तिथे बराचसा खर्च कंपन्या करतात.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, आपलं सर्वेक्षण (विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचं) दरवर्षी होत नाही, मग निर्देशांक जुना आकडाच वापरत राहतो. दुसरी जास्त गंभीर. फ्रास्काटी नियमाप्रमाणे खर्च जिथे काम झालं त्या देशात धरायचा, पैसा कुठूनही येवो. वर दावा_क्र_१ यांनी सांगितलेल्या हिंजवडीच्या केंद्राचा खर्च भारताच्या ०.६४ मध्ये असायला हवा. पण ते केंद्र सर्वेक्षणाचा फॉर्म भरत नसेल तर तो आकड्यात येत नाही. पेटंट अमेरिकेच्या खात्यात, खर्च कुणाच्याच नाही.

---

सरासरीशत्रू

@फ्रास्काटी_चहा आणि तिसऱ्या खात्यात तेच केंद्र दणकून दिसतं! त्याची सेवा-निर्यात. आयसीटी (माहिती-संपर्क तंत्रज्ञान) सेवांची निर्यात या निर्देशकात भारत कायम अगदी वरच्या जागी असतो. तिथे छेद एकूण व्यापाराचा. म्हणजे वस्तूंचा व्यापार मंदावला तर आयटी तेवढंच राहूनही टक्का वाढतो आणि गुण वर जातात.

---

घासाघीस

माझं थोडं वेगळं मत. तुम्ही सगळे छेदांत अडकलात. मुळात पेटंट आणि आर अँड डी म्हणजे इनोव्हेशन नव्हेच. इनोव्हेशनची व्याख्या ओस्लो नियमपुस्तिकेत आहे (फ्रास्काटीचीच बहीण, पण इनोव्हेशन मोजण्यासाठी). पहिली आवृत्ती १९९२, चौथी २०१८. ती म्हणते: नवं किंवा सुधारलेलं उत्पादन अथवा प्रक्रिया, जी त्या कंपनीच्या आधीच्यापेक्षा ठळकपणे वेगळी आहे आणि प्रत्यक्ष वापरात किंवा बाजारात आली आहे. पेटंट घेऊन कपाटात ठेवलं तर इनोव्हेशन शून्य. आणि 'त्या कंपनीच्या आधीच्यापेक्षा' हे शब्द महत्त्वाचे, जगात पहिलं असण्याची अट नाही.

इचलकरंजीत एखाद्याने साधे माग काढून एअरजेट (हवेच्या झोतावर धागा नेणारे) माग बसवले, तर ओस्लोप्रमाणे ते त्या कारखान्याचं प्रक्रिया-इनोव्हेशन आहे. आहेत त्याच जातीचे आणखी बारा माग आणले तर नाही, ती नुसती वाढ. हे फक्त कंपनीला विचारूनच कळतं, कुठल्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही.

युरोप असं विचारतो. दर दोन वर्षांनी तिथे कंपन्यांचं सर्वेक्षण होतं आणि त्यातले काही आकडे युरोपियन इनोव्हेशन स्कोअरबोर्डमध्ये जातात. ते क्रमांकापेक्षा गट जास्त वापरतात: युरोपीय सरासरीच्या १२५ टक्क्यांच्या वर आघाडीचे, १०० ते १२५ सशक्त, ७० ते १०० मध्यम, त्याखाली उदयोन्मुख. दोन दशांशांच्या फरकावर कुणी पेढे वाटत नाही. आपल्याकडे उत्पादन-उद्योगांचं असं सर्वेक्षण २०२१-२२ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि युनिडो (संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना) यांनी केलं. ८ हजारांहून जास्त कंपन्या, त्यातल्या साधारण चारातली एक इनोव्हेटिव्ह निघाली. याची चर्चा ३८व्या क्रमांकाच्या शतांशही झाली नाही.

---

नीरक्षीर

@घासाघीस सर्वेक्षण हवंच, पण 'तुमच्या कंपनीने गेल्या तीन वर्षांत काही नवं केलं का?' याला 'नाही' म्हणायचं धाडस मॅनेजर कसं करणार? आणि 'ठळकपणे वेगळं' म्हणजे काय हे तिरुपूर आणि श्टुटगार्टमध्ये एकच असेल का? देशादेशांत तुलना करताना ही स्वघोषणा फार डळमळीत आहे. पेटंटच्या आकड्यात कचरा आहे, पण किमान कचऱ्यावर तारीख आणि पत्ता असतो.

---

घासाघीस

मान्य. म्हणून तिथे प्रश्न फोडून विचारतात: नव्या उत्पादनांतून विक्रीचा किती टक्का आला? हे सांगताना थाप मारणं जरा अवघड जातं. पण तुलनेचा मुद्दा खराच आहे.

---

उंटावरचा_शहाणा

अवांतर: छेदच फसवा असेल तर? आयर्लंडचा जीडीपी २०१५ मध्ये एका वर्षात सुमारे २५ टक्के वाढला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली. मग आर अँड डीचा जीडीपीशी टक्का आपोआप घसरला. शेवटी त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाला सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा काढावा लागला. उलट टोकाला व्हिएतनाम. हायटेक निर्यातीत अगदी वर, कारण तिथे जुळणी केलेल्या फोनची पूर्ण किंमत निर्यातीत येते, आत बसवलेल्या कोरियन चिपसकट. मूल्यवर्धन मोजत नाहीत. आपली फोन-निर्यात वाढतेय, तेव्हा हेच आपल्याबद्दलही म्हणावं लागेल.

---

कोकणरेल्वे_लेट

राज्यांचं काय? महाराष्ट्र कुठे?

---

सरासरीशत्रू

@कोकणरेल्वे_लेट नीती आयोगाचा भारत नवोन्मेष निर्देशांक बघा. साचा जागतिकच: पाच 'सक्षमक' आणि दोन 'कामगिरी' खांब. मोठ्या राज्यांत महाराष्ट्र २०१९च्या आवृत्तीत तिसरा, २०२०च्या दुसरा, २०२१च्या चौथा. तिन्ही वेळा कर्नाटक पहिलं. पण 'दुसऱ्यावरून चौथ्यावर घसरला' असं म्हणण्याआधी हे बघा: २०२० मध्ये ३६ निर्देशक होते, २०२१ मध्ये ६६. परीक्षाच बदलली. गोवा तर राज्यांच्या गटात नाहीच. तो केंद्रशासित प्रदेश आणि शहर-राज्यांच्या गटात, दिल्ली-चंडीगडच्या पंगतीला आहे. आकाराने ते ठीक, पण 'गोवा विरुद्ध महाराष्ट्र' अशा पोस्ट फिरतात त्या त्यामुळे निरर्थक.

---

डेटाची_मावशी

जिल्हावार काही करून बघायचं असेल त्यांच्यासाठी क्रम देते. ओईसीडी आणि युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राची २००८ची दहा पायऱ्यांची रीत आहे, त्यातलं कामापुरतं.

आधी एका वाक्यात लिहा की काय मोजायचंय: मालकी, काम कुठे चालतं, की वापरात काय आलं. वरचा हिंजवडीचा किस्सा बघता, हे न ठरवता बसलात तर तिन्हीची खिचडी होईल.

मग आकडे. पेटंट कार्यालयाच्या सार्वजनिक शोध-पानावर अर्जदार आणि संशोधकांचे पत्ते मिळतात. शहराच्या नावाने शोधू नका: पुणे, पूना, पिंपरी, चिंचवड, हिंजवडी आणि हिंजेवाडी हे सगळं सापडेल. पिनकोड घ्या. पण पहिल्या तीन अंकांवर जिल्हा ठरवलात तर फसाल. ४११ पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड, ठीक. ४१० मध्ये लोणावळाही आहे आणि पनवेलही (४१०२०६), म्हणजे रायगड. ४१२ मध्ये पुण्याचा ग्रामीण भाग आहे, आणि वाई (४१२८०३) नि महाबळेश्वरही (४१२८०६), म्हणजे सातारा. सहाही अंक जिल्ह्याशी जोडणारा तक्ता वापरा. दुसरी खोच: संशोधकाच्या पत्त्यात बरेचदा 'द्वारा' लावून कंपनीचाच पत्ता असतो. त्यामुळे मुंबईत नोंदणी असलेल्या कंपनीची नाशिकची प्रयोगशाळा नरिमन पॉइंटला दिसते. एकाच अर्जदाराचे सगळे संशोधक एकाच पिनवर असतील, तर त्या ओळींवर खूण करून त्या वेगळ्या ठेवा.

त्यानंतर सहसंबंध (दोन आकडे किती एकत्र हलतात; पूर्ण एकत्र म्हणजे १) काढा. दोन निर्देशकांचा सहसंबंध ०.९च्या पुढे असेल तर दोन्ही घेणं म्हणजे एकाच गोष्टीला दुप्पट वजन. एक काढा. स्टार्टअपची संख्या आणि जिल्ह्याची शहरी लोकसंख्या जवळजवळ हातात हात घालून चालतात. दरडोई केल्याशिवाय तुमचा 'नवोन्मेष' म्हणजे जनगणनाच.

जोडणी कशी करायची? साध्या सरासरीत ८० आणि २० चे ५० होतात. गुणोत्तर सरासरीत (दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) ४०. पहिल्यात एका बाजूची ताकद दुसरीचा खड्डा बुजवते, दुसरीत नाही. जिथे एक बाजू दुसरीशिवाय निरुपयोगी आहे तिथे मी गुणोत्तर घेईन. पण शून्य गुणांचा एक निर्देशक त्या जिल्ह्याचा सगळा गुणाकार शून्य करतो, म्हणून मोजपट्टी १ ते १०० ठेवा.

शेवटी, आणि हे चुकवू नका: वजनं २५ टक्के वरखाली हलवत, दोन्ही सरासरी आलटूनपालटून, १,००० वेळा क्रमांक काढा. वरचे नि खालचे ५ टक्के टाका. क्रमांकांचा जो पट्टा उरेल तो छापा. संयुक्त संशोधन केंद्र जागतिक निर्देशांकाचं लेखापरीक्षण करताना असंच करतं आणि प्रत्येक देशाचा ९० टक्के विश्वासाचा पट्टा काढतं. तो अहवालातच असतो. बातमीत मात्र फक्त क्रमांक येतो. दोन जिल्ह्यांचे पट्टे एकमेकांवर चढत असतील तर कोण पुढे हे सांगू नका.

---

मधलीसुट्टी

@डेटाची_मावशी भारीच! एवढं एक्सेलमध्ये होईल का?

---

डेटाची_मावशी

३६ जिल्हे आणि दहा-बारा निर्देशक असतील तर पट्ट्यापर्यंतचं सगळं एक्सेलमध्ये आरामात होतं. १,००० फेऱ्यांना आर (आकडेमोडीची संगणक-भाषा) बरं, त्यात याच कामासाठी कॉइनआर नावाचं फुकट पॅकेज आहे. फक्त शीटमध्ये वर्षाचे दोन कॉलम ठेवा, एक निर्देशांकाचं वर्ष आणि एक आकडा प्रत्यक्ष ज्या वर्षाचा आहे ते. ०.६४च्या समोर २०२० लिहिलेलं असेल, तर दर सप्टेंबरात तेच ०.६४ नवं म्हणून कुणी खपवू शकणार नाही.